हळदीतलं उत्तर

शहापूर, २ फेब्रुवारी २०२५

ती. रुपावहिनीस,
काजलचा सा. न. वि. वि.

एकाच माणसाने उच्चारलेला एकच शब्द खोलीवर हसवतो आणि ऑफिसात टोचतो, असं का? मला उत्तर येत नाही. घरातली पहिली पदवीधर म्हणून तुम्ही सगळं मला विचारता, म्हणून आधीच सांगून टाकते.

माझ्यासोबत राहणारी, गुरांच्या जत्रेच्या म्हसा गावची स्नेहल तुला माहीत आहे. वसतिगृहापासून ती मला, आपली वाडी जंगलातली म्हणून, ‘जंगली’ म्हणते आणि मी तिला ‘जत्रेत न खपलेली म्हैस’. आता आम्ही दोघी एकाच गोदामाच्या ऑफिसात आहोत, आणि गेल्या महिन्यात तिने सवयीने तिथेही तशीच हाक मारली. तेव्हापासून साहेबही तेच म्हणतात. पंखा बंद पडला की म्हणतात, जंगलीला काय, ती झाडावर झोपणारी. सगळे हसतात. मीही हसते, कारण मार्चमध्ये मला कायम करायचं की नाही हे तेच ठरवणार. खोलीवर आलं की बोलावंसंच वाटत नाही.

वाडीत फोन लागत नाही म्हणून हे दादाच्या हाती देते. फोनवर मी रडले असते.

माया पातळ होऊ देऊ नकोस.
तुझी,
काजल

उंबरमाळी, ९ फेब्रुवारी

चि. काजल हिस,
रुपावहिनीचे अनेक आशीर्वाद.

आमी सगळी बरी आहोत. तुझी आई खोकते, पण ऐकत नाय.

एवढी शिकलीस आणि एका शब्दानं सुकलीस होय गो? परवा माझ्या लहान बहिणीच्या हळदीत मी नवऱ्याकडच्यांना गाण्यातून माकडांचा कळप म्हटलं. त्यांच्या म्हातारीनं मला फुटकं मडकं म्हटलं. मग एकाच पंगतीत जेवलो. तूपण दे उलटून, हसत हसत. तुझा साहेब काय देव नाय. पण नोकरी सोडू नको. इथं सगळ्यांना सांगून बसलोय, आमची काजल ऑफिसात आहे म्हणून.

जेवत जा. हाडं दिसायला लागली तर मीच तुला नाव ठेवीन.
वहिनी

शहापूर, २० फेब्रुवारी

ती. रुपावहिनीस,
सा. न. वि. वि.

तुझं ऐकलं. डबे उघडले होते, साहेब म्हणाले, जंगली आज खुर्चीवर कशी? मी हसत म्हटलं, झाडावर जागा आहे साहेब, पण तुम्ही चढलात तर झाडच आडवं होईल. हळदीत हशा पिकला असता. इथे सगळे आपापल्या डब्यात बघू लागले. दुपारी मला कागद मिळाला: वरिष्ठांशी उद्धट वर्तन, लेखी माफी द्या.

वहिनी, तुझी चूक नाही. हळदीत त्या म्हातारीला उलट गाता येतं, म्हणून ती शिवी पोटात राहत नाही. इथे गाणं एकाच बाजूचं. ऑफिसात स्नेहलला विचारलं, तेव्हा ती म्हणाली की आमच्यात हे चालतंच. तेही खरंच आहे. खोलीवर ती म्हणाली, माफी लिहून टाक ना गो, मार्च जवळ आलाय. तिच्यावर रागवायचंही त्राण नव्हतं.

माफी लिहिली. एखाद्याच्या अंगावरून बोलणं मला पटत नाही, मग ते साहेबांचं अंग का असेना. पण त्याच कागदावर साहेबांची आठवतील तेवढी वाक्यं लिहिली आणि त्यांबद्दल साहेबांनीही मला लेखी माफी द्यावी, असं लिहिलं. हे नाव ऑफिसात आधी स्नेहलने घेतलं, तेही लिहिलं. ते गाळलं असतं तर बाकीचं खोटं वाटलं असतं. आधी तिला वाचून दाखवलं. ती पाठ फिरवून झोपली.

आईला सगळं सांगू नकोस. ऑफिसात जरा बोलाचाली झाली एवढंच सांग. लोभ कमी करू नकोस, सध्या त्याची गरज आहे.

कागद आज सकाळी ठाण्याच्या मुख्य कार्यालयात स्वतः जाऊन दिला, आणि पोच घेतली.

तुझी,
काजल