करंजीपुढचा थांबा

बाबा, परवा मी तुमच्या रस्त्यावरून गेले आणि तेव्हापासून माझं डोकं तापलेलं आहे. तुम्हाला जाऊन सतरा वर्षं झाली. इतक्या वर्षांनी मेलेल्या माणसावर काय रागवायचं, असं तुमचे जावई म्हणतात. गाडी तेच चालवत होते. वडकी सोडली आणि बघता बघता केळापूर आलंसुद्धा. रस्ता चारपदरी झालाय. दोन्ही बाजूंची चिंचेची, कडुलिंबाची झाडं गेली. करंजी, पांढरकवडा बाजूला राहतात, गाडी वरच्यावर निघून जाते. मी खिडकीला नाक लावून एक जागा शोधत होते. विहीर, तिच्यामागे शेत, आणि रस्त्याच्या कडेला थोडी मोकळी माती. ती काही मला सापडली नाही. जागा सापडली नाही म्हणून राग कमी झाला असता तर बरं झालं असतं.

तुम्ही निवृत्त झालात त्या जानेवारीतली गोष्ट आहे ही. मी संक्रांतीला माहेरी आले होते, कडेवर तीन वर्षांची लेक. तीस वर्षं या रस्त्यावर एसटी चालवलीत, पण आम्हाला कधी कुठे नेलं नाहीत. त्या दिवशी मात्र भाड्याची जीप दारात उभी केलीत आणि आईला म्हणालात, "चाल, तुले माहा रस्ता दाखवतो." आई लाजली होती. मला अजून दिसते ती, हिरवं लुगडं नेसून पुढच्या सीटवर अवघडून बसलेली. तुम्ही गाडी चालवताय आणि नातीला सांगताय, "हा रस्ता काशीवरून येते बरं, अन् पार कन्याकुमारीले जाते. पहिले लमाणाचे तांडे जायचे इथून, बैलावर मीठ लादून." मी मागे बसून ऐकत होते. माझ्या लहानपणी यातलं एक वाक्य तुम्ही मला सांगितलं नव्हतं.

ते कापसाचे वाईट दिवस होते. भाव पडलेले, खरेदी केंद्रापुढे बैलगाड्यांची रांग रस्त्यापर्यंत आलेली, माणसं गाड्यांखाली चुली मांडून बसलेली. तुम्ही जीप थांबवून उतरलात. "किती दिस झाले गा?" "चवथा दिस हाय, डायवर भाऊ." तुम्ही त्यांच्यात उकिडवे बसलात, कुणाच्या पाठीवर हात ठेवलात, कुणाची थट्टा केलीत. करंजीच्या चहाच्या टपरीवर तर तुम्ही खो खो हसलात. आईनं वळून माझ्याकडे पाहिलं. घरी तुम्ही मान खाली घालून जेवायचात आणि "मीठ" एवढा एक शब्द बोलायचात. हा हसणारा माणूस आम्हाला का मिळाला नाही, बाबा? दमून घरी येत होतात, मान्य आहे. पण दमणं फक्त आमच्या वाट्याला का?

तरीही त्या दिवशी मी खूश होते, हे खोटं कशाला बोलू. करंजीच्या पुढे इंजिन तापलं म्हणून तुम्ही त्या विहिरीपाशी थांबलात. शेतात बायका कापूस वेचत होत्या. त्यातली एक कमरेची ओटी तशीच धरून धावत आली. तुम्ही चटकन तिच्याकडे पाठ केलीत. तेव्हाच मला कळायला हवं होतं.

"डायवर भाऊ, तुमीच ना?" म्हणत ती आईकडे वळली. "वहिनी, यायनं माह्या पोरीले शिकवलं बरं. इथं काही थांबा नाही. पण तीन वर्स रोज सकायी इथं गाडी उभी करे. पोरगी नाही दिसली तं भोंगा वाजवे. मांगं नाही बसू द्याचे तिले, आपल्या पाठीशी बसवत. पांढरकवड्याले कॉलेजात जाये. आता नर्स हाय ते, मोठ्या दवाखान्यात!"

मग तिनं माझ्या लेकीच्या ओंजळीत तुरीच्या शेंगा घातल्या आणि मला विचारलं, "तू तं लय शिकली असशील बाई. डायवर भाऊची पोरगी तू."

आई हळूच म्हणाली, "बारावी झाली ते. फस्ट क्लास."

"अन् मंग?"

तुम्ही बॉनेट उघडून त्यात डोकं घातलं होतंत.

बाबा, बारावीचा निकाल लागला तेव्हा मी पांढरकवड्याच्या कॉलेजचा फॉर्म आणला होता. तुम्ही तो न वाचता परत दिलात. "बसमंदी पोरीसंग काय होते ते मले आरशात दिसते. नाही जाचं." मी रडले नाही, कारण मला वाटलं, तुम्ही रोज पाहता, तुम्हालाच खरं माहीत. पुढची तीन वर्षं मी घरी होते. सकाळी सहाला उठून तुमचा डबा मीच भरायची. तो डबा घेऊन तुम्ही निघायचात, आणि पाऊण तासानं जिथे थांबा नाही तिथे गाडी थांबवून दुसऱ्याच्या मुलीसाठी भोंगा वाजवायचात. तिला कसं सुरक्षित न्यायचं हे तुम्हाला कळत होतं. आपल्या पाठीमागची सीट. इतकं सोपं होतं ते! त्या सीटवर दोघी बसतात, बाबा. तुम्हीच त्या गाडीचे ड्रायव्हर होतात.

केळापूरला देवीसमोर मी हात जोडले नाहीत. पैनगंगेच्या काठी आपण भाकरी सोडल्या, आईनं वांग्याची भाजी वाढली, मी भाकरी तशीच ठेवली. तुम्ही नदीत हात धुवायला गेलात तशी मी मागे आले.

"बाबा, मले काहून नाही म्हटलं?"

कशाबद्दल, असं तुम्ही विचारलं नाहीत. हात धूत, पाण्याकडे बघत म्हणालात, "त्या पोरीले बाप नव्हता. तिले नाही म्हणायले घरी कोणी नव्हतं."

"म्हंजे मले बाप होता म्हणून मी घरी बसली?"

"चाल, ऊन वाढून राह्यलं," म्हणालात तुम्ही. परतीच्या वाटेवर आपण कुठेच थांबलो नाही.

लोक म्हणतात, जुना काळ होता, बापाच्या जिवाला घोर असतो. मी नाही ऐकून घेत. काळ तर दोघींचा एकच होता. तुमचं मन मोठं होतं, हे त्या दिवशी मी डोळ्यांनी पाहिलं आणि म्हणूनच जास्त संताप येतो. कोत्या मनाच्या बापाला मी केव्हाच सोडून दिलं असतं. पुढे मी चौतिसाव्या वर्षी बाहेरून बी.ए. केलं. लेकीला शाळेत सोडायचं आणि शाळेबाहेरच्या ओट्यावर बसून वाचायचं. निकाल लागला तेव्हा तुम्ही नव्हता. असता तर पेढा दिला असता की मार्कलिस्ट तोंडासमोर धरली असती, सांगता येत नाही.

हे कागद मी कुठे पाठवणार? पण एक गोष्ट तुम्हाला माहीत नाही, ती लिहिते. तुमच्या तेरवीच्या दिवशी, पंगती उठून पाहुणे गेल्यावर, एक बाई बसमधून उतरली. पांढरी साडी, ड्युटीवरून तशीच आलेली. मांडवाच्या खांबाशी उभी राहून म्हणाली, "काकांच्या फोटोले हात जोडू द्या." नाव विचारायची मला गरज पडली नाही. मी दारात उभी राहिले आणि म्हणाले, "आत लय गर्दी हाय, मंग कधी या." तिनं तिथूनच हात जोडले आणि गेली.

आत गर्दी नव्हती, बाबा. आई एकटी बसली होती.