साड्यांच्या गठ्ठ्यांना टेकून

गुरुवार, देवरी. दिवेलागण.

अजून अंगाला कोऱ्या कापडाचा वास येतोय. आज दुकानात, कामाच्या वेळेत मी आरूला दूध पाजलं. खरंच घडलं ना हे?

बाळंतपणाची रजा संपून आठ दिवस झाले. रोज दुपारी पान्हा फुटायचा, ब्लाऊज भिजायचा, आणि मी पदर पुढे ओढून गिऱ्हाइकांना साड्या दाखवायची. आज सासूबाई रडणाऱ्या आरूला घेऊन थेट दुकानाच्या पायरीवर आल्या. मग मी शेठना म्हटलंच, "बाळ पंधरा महिन्यांचं होईपर्यंत दिवसातून दोनदा पाजायला सुट्टी मिळते. कायद्यात आहे."

"मले कायदा कायले शिकवून राहिली? गिऱ्हाईक कोण पाहील?"

नोकरी गेली तर? पण मी हलले नाही. तेवढ्यात सगळ्यांत जुन्या वनिताताई म्हणाल्या, "आम्ही बाराजणी आहोत ना, पाहून घेतो. माह्या पोरीच्या वेळी मले हे माहीतच नव्हतं, शेठ."

शेठनी मागच्या खोलीकडे बोट दाखवलं.

तिथे अर्धवट अंधार, पंख्याची घरघर आणि तोच कोऱ्या कापडाचा वास. गठ्ठ्यांना टेकले. आरूचे डोळे मिटले, पाठोपाठ माझेही. किती वेळ तरंगत होते कोण जाणे. डोळे उघडले तर उघड्या दारावर एक हिरवी साडी पडद्यासारखी बांधलेली.

बाहेर येऊन वनिताताईंना म्हटलं, "बरं केलंत."

"मी नाही बा. शेठनं बांधली."

शेठ मान खाली घालून बिल लिहीत होते. निघताना त्यांना सांगून आले, उद्यापासून दोन वेळा.