गोदाआत्याचा गुडघा

दुबई, ३० मार्च २००१

तीर्थरूप नानांस,
राजनचा शि. सा. न. वि. वि.

तुमचं पत्र मिळालं. सासूबाईंचं ऑपरेशन नीट झालं. सुनेत्रा आणि इरा जूनपर्यंत पुण्यालाच राहतील, त्यामुळे इथे वरणभात मीच करतो आणि मीच त्याला नावं ठेवतो. आपला जहूर शारजाहून पंधरा दिवसांच्या सुट्टीवर येतो आहे, त्याच्याबरोबर इराच्या सँडल पाठवल्यात. पंचाहत्तर दिरहम, म्हणजे साडेनऊशे रुपये. तिला किंमत सांगू नका, ती खर्चावरून मलाच इंग्रजीतून समजावते.

मी नेमकं काय काम करतो असं तुम्ही विचारलंत. कॉम्प्युटरवरून गेलेला कागद ज्याच्या नावाचा आहे त्याचाच आहे आणि वाटेत कोणी बदललेला नाही, अशी हमी आमची कंपनी देते. त्या हमीची किल्ली एका बंद खोलीतल्या यंत्रात आहे. ती तिघांच्या ताब्यात: मी, मॅनेजर आणि दत्तप्रसाद. प्रत्येकाचं एक कार्ड आणि ज्याचं त्यालाच ठाऊक असं एक गुप्त वाक्य. तिघांपैकी दोघं हजर असल्याशिवाय यंत्र चालत नाही. बारा मार्चला दत्तप्रसाद जबल अलीच्या रस्त्यावर अपघातात गेला, ते मी कळवलंच होतं. पेटी विमानात चढेपर्यंत मी तिथे उभा होतो.

काल सकाळी यंत्रातली नोंद पाहिली. त्यानंतरच्या दोन्ही गुरुवारी दुपारी बारा चाळीसला किल्ली वापरली गेली आहे. एक कार्ड मॅनेजरचं, दुसरं दत्तप्रसादचं. वाक्यही बरोबर. दत्ता सव्वासहा फूट उंच होता. तो गेल्यावर त्याची खुर्ची मी खाली केली होती, ती पुन्हा त्याच्या उंचीला लावलेली आहे. हे मला अजिबात आवडलेलं नाही.

गोदाआत्याचा गुडघा कसा आहे?

तुमचा आशीर्वाद पाठीशी ठेवा.
राजन


सातारा, ९ एप्रिल २००१

चि. राजन यास,
भिकाजीचे अनेक आशीर्वाद.

जहूरने सँडल पोचवल्या, मधूच्या हाती पुण्याला धाडल्या. मधूने आता चावडीमागे इंटरनेट कॅफे काढला आहे. त्याच्या यंत्रात तू गेल्या खेपेला काय घालून गेलास कोण जाणे, तुझा ई-मेल आला की खाली सही खरी असल्याची ओळ उमटते म्हणून तो गावभर सांगत फिरतो.

तुझ्या दत्ताबद्दल वाचलं आणि जेवण गेलं नाही. पहिलं विचार, की त्या किल्लीने शिक्का कशावर बसतो. तू मागे म्हणाला होतास, कुठल्याशा दूरच्या देशाचं अर्थखातं तुमचं गिऱ्हाईक आहे आणि तिजोरीत शिल्लक किती याचा तक्ता दर गुरुवारी सावकारांना पाठवतं. बाबा रे, मी पस्तीस वर्षं कोषागारात काढली. तिजोरीत किती आहे हे सांगायला सरकार जितकं उतावीळ, तितकी तिजोरी रिकामी.

तुला एक गोष्ट कधी सांगितली नाही. बाहत्तर साली तिजोरीच्या खोलीतल्या थैल्यांची मोजणी माझ्याकडे होती. लाखेचं सील शाबूत असेल तर थैली भरलेली धरायची, फोडायची नाही, अशी रीत. मी सील पाहिली आणि सही केली. पुढे दोन थैल्यांतून लोखंडी वॉशर निघाले. ठसा अस्सल होता, पण ज्या खजिनदाराचा होता तो मोजणीच्या चार महिने आधी वारला होता आणि लाख ताजी होती. नोकरी गेली ती केरू शिपायाची, ज्याचा काडीचा संबंध नव्हता. मोजणीच्या वेळी थैल्या भरलेल्या होत्या असं माझी सही म्हणत होती म्हणून. आजही केरूचं घर लागलं की मी रस्ता बदलतो.

तेव्हा शिक्क्यावर जाऊ नकोस. आणि एक लक्षात घे, मेलेला माणूस वाक्य सांगत नाही. ते त्याने जिवंतपणीच कोणाला तरी सांगितलं असणार. का सांगितलं, ते शोध. कशावरही सही करू नकोस.

आत्याचा गुडघा आहे तसाच.

जपून राहा, एवढंच मागणं.
नाना


दुबई, २० एप्रिल २००१

तीर्थरूप नानांस,
शि. सा. न. वि. वि.

हे पत्र हाताने लिहून जहूरकडे देतो आहे. तो परवाच परतलाय, त्याच्या ओळखीचा माणूस मुंबईला निघालाय. ऑफिसच्या यंत्रावर आता काही लिहावंसं वाटत नाही.

तुमचं खरं निघालं. तक्ते त्याच अर्थखात्याचे आहेत. मी ओळीने सात लावून पाहिले. शिल्लक दर आठवड्याला बदलते, पण शेवटचे चार आकडे सातही तक्त्यांत तेच आहेत. आमचा शिक्का म्हणतो की कागद वाटेत बदललेला नाही. तो खोटा जन्मला असेल तर आमचं यंत्र त्या खोट्याचीच राखण करतं. यावर मी इतकी वर्षं पगार घेतला, याची लाज वाटली.

काल सकाळी मॅनेजरने कागदी रजिस्टर पुढे केलं. गेल्या पाच गुरुवारी मॅनेजर आणि दत्तप्रसाद समक्ष हजर होते, अशी साक्ष मी द्यायची. दत्ताला मी स्वतः पोचवलं, असं म्हणालो. त्याने माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाला की हबीबी, मशीनने केव्हाच ओके म्हटलंय, तुझी सही नुसती फॉर्मॅलिटी. दत्तानेही आधी असेच आढेवेढे घेतले होते. दत्ताचं हे तो अगदी प्रेमाने म्हणाला, नाना. मी इन्शाल्ला पुढच्या आठवड्यात बघू म्हणून उठलो.

मी सही करणार नाही. केरूबद्दल वाचल्यावर तर नाहीच. पुढच्या गुरुवारी राजीनामा देतो. सुनेत्राला इतक्यात काही सांगू नका.

गोदाआत्याच्या गुडघ्याला तेल चोळता ना?

तुमचाच,
राजन


ई-मेल, ४ मे २००१
(इंग्रजी अक्षरांतलं मराठी, मधूने उतरवून दिलेलं)

तीर्थरूप नाना,
साष्टांग नमस्कार.

मी मजेत आहे. मागच्या पत्रात लिहिलं तो सगळा माझा गैरसमज होता, खलास. मॅनेजर फार सज्जन माणूस आहे. मला बढती मिळाली. कामामुळे फोन घेता येणार नाही, यापुढे ई-मेलच करा. ते हाताने लिहिलेलं पत्र फाडून टाका.

लोभ आहे तो वाढू द्या.
राजन

सही तपासली. सही खरी आहे. पाठवणारा: राजन.


ई-मेल, ५ मे २००१

चि. राजन यास अनेक आशीर्वाद.

बढतीचं वाचून आनंद झाला. पत्र फाडलं. एक वाईट बातमी आहे, मन घट्ट कर. आपली गोदाआत्या परवा पहाटे गेली. शेवटी तुझीच आठवण काढत होती.

नाना


ई-मेल, ६ मे २००१

तीर्थरूप नाना,
साष्टांग नमस्कार.

बातमी वाचून रडू आवरेना. आत्याने मला मांडीवर खेळवलं. तिच्या हातच्या लाडवांची चव अजून जिभेवर आहे. दुखऱ्या गुडघ्याने ती माझ्यासाठी उठायची. तिचे दिवस नीट करा, पैसे पाठवतो. स्वतःला सांभाळा.

तुमचा दुःखी,
राजन

सही तपासली. सही खरी आहे. पाठवणारा: राजन.


सातारा, ८ मे २००१

चि. सौ. सुनेत्रा हिस,
अनेक आशीर्वाद.

मधूला हे पत्र घेऊन मुद्दाम पाठवतो आहे. बसून वाच, आणि इरासमोर वाचू नकोस.

तू लग्नानंतर एकदा विचारलं होतंस, की पत्रांतून सारखी येणारी ही गोदाआत्या लग्नाला कशी आली नाही. मी हसून टाळलं होतं. राजनला आत्या नाही, पोरी. मला बहीणच नव्हती. आमच्या कोषागारात पैशाची तार आली की तिच्यात एक ठरलेला बिनकामाचा शब्द असायचा. तो नसेल तर तार कितीही खरी दिसली तरी पैसे द्यायचे नाहीत. राजन हॉस्टेलवर गेला तेव्हा आम्ही गंमत म्हणून तसंच ठरवलं. खऱ्या पत्रात तो गोदाआत्याचा गुडघा विचारणार, आणि काहीही झालं तरी आत्या मरणार नाही. एकवीस वर्षांत तो एकदाही विसरला नाही. तापात लिहिलेल्या पत्रातही नाही.

चार तारखेच्या पत्रात गुडघा नव्हता, म्हणून मी आत्याला मारलं. ज्याने तिच्यासाठी रडून दाखवलं तो राजन नाही. तिचा गुडघा त्याने राजनकडच्या माझ्या पत्रांत वाचला असणार. त्याचं कार्ड आणि त्याचं वाक्य त्यांच्याकडे आहे. वाक्य त्याने आपणहून दिलं नसणार, आणि त्यापुढचं मला लिहवत नाही. फोन नुसता वाजत राहतो. जहूर काल राजनच्या घरी जाऊन आला. दाराला कुलूप आणि बाहेर आठ दिवसांची वर्तमानपत्रं.

सोबत वीस एप्रिलचं पत्र आहे. मी ते फाडलेलं नाही. ते घेऊन आजच तुझ्या भावाबरोबर मुंबईला नीघ, परराष्ट्र खात्याच्या कचेरीत दे, तिथल्या आपल्या वकिलातीला तार करायला लाव. जहूर तिकडच्या पोलिसांत जायला तयार आहे. तुला ई-मेल आला तर नेहमीसारखं उत्तर दे. आपण फसलो आहोत असं त्यांना वाटतं आहे तोवर बरं. मीही रोज कॅफेत जाऊन आत्याच्या दिवसांची तयारी त्यांना लिहितो आहे. काल केळीच्या पानांचा भाव लिहिला.

दर नोव्हेंबरला मला कोषागाराच्या खिडकीशी जाऊन हयातीचा दाखला द्यावा लागतो. कारकून मान वर करून एकदा माझ्या तोंडाकडे बघतो, मगच शिक्का मारतो. त्यावरून मी सरकारला किती शिव्या घातल्या आहेत. आता वाटतं, माझ्या राजनच्या तोंडाकडे कोणीतरी तसं एकदा बघावं आणि मला कळवावं.

इराला माझा पापा दे.
नाना