बिबड्यांतलं मीठ

डिंडोली, सुरत
रविवार, ११ मे २०२५

तीर्थरूप उषाताईस, ललितचा साष्टांग नमस्कार.

चार महिने पत्र नाही, माफ कर. फोनवर मी ‘सगळं ठीक’ म्हणून जातो. कागदावर तसं लिहायला हात धजत नाही. तुझे गुडघे कसे आहेत? भाऊजींचा खोकला?

नूतनच्या थायरॉईडची गाठ काढली, पण गळ्यात थोडा कॅन्सर राहिलाय. परवा, मंगळवारी, किरणोत्सारी आयोडीनचा दुसरा डोस. पहिला नीट लागला नाही. डॉक्टर म्हणाले, पेशींत काही लांबलचक आरएनए असतात. ते प्रथिनं बनवत नाहीत, पण त्यांतले काही आयोडीनचं दार बंद ठेवत असावेत. त्यांना हटवायचं औषध अजून प्रयोगशाळेतच आहे. अभ्यासाला गाठीचा तुकडा देण्याच्या कागदावर मी सही केली (नव्हे, तिने केली, मी तीनदा वाचून दाखवला). बी.एस्सी. नवरा म्हणून समजावलंही: लूमच्या खात्यातला मुकादम बघ, एक वार कापड विणत नाही, पण कोणता लूम चालेल ते तोच ठरवतो. मला त्या मुकादमाच्याच रांगेत बसवत ती म्हणाली, “तुमनामायकच ना! काम काहीच नही, नुसतं दार आडाईसन बसेल.”

आणि मी बसलोही होतो. डोसाआधी दोन आठवडे आयोडीनचं मीठ बंद, म्हणजे पेशी उपाशी राहून औषध ओढून घेतात. म्हणून स्वयंपाकघराच्या दारात खुर्ची टाकली. शेजारच्या मंगलाबाईंचं पातेलं परत पाठवलं (“ललितभाऊ, कढी शे, जहर नही!”). फरसाण, बिस्किटं, सगळं अडवलं.

मग तुझ्या गावाहून भटू तुझे ज्वारीचे बिबडे, ते पापड, घेऊन आला. घरचं ते, त्याला कसलं पथ्य? मीच भाजून दिले, चार दिवस, रोज दोन. महिनाभर थायरॉईडच्या गोळ्याही बंद, त्यामुळे ती गळून गेलेली. बिबडा मोडताना पहिल्यांदा हसली. आज डबा घासताना बोटाला मीठ लागलं. साधं की आयोडीनचं?

डॉक्टरांना सांगितलं तर डोस पुढे जाईल, ती आणखी गळेल. नाही सांगितलं तर डोस फुकट जाईल. तिला अजून माहीत नाही.

तुझा,
ललित

ता. क. पत्र भटूबरोबर आजच्याच गाडीने देतोय. फोनवर तू माझं मन राखायला ‘साधंच मीठ रे बाबा’ म्हणाली असतीस. मिठाच्या पिशवीवर काय छापलंय ते वाचून कळव.

ता. क. दुसरा. नूतनने मागून पत्र वाचलं. म्हणते, ताईंच्या उत्तराची वाट बघणं हीसुद्धा मुकादमीच. (उरलेले बिबडे कुठे लपवलेत, हेही विचारलं.)

उद्या : सकाळी नऊला डॉक्टरांना फोन, मी स्वतः करतोय.