करुणाआत्यासाठी मंडळी सोडताना

पप्पा,

आमटी गॅसवर हाय, जेवल्यावर बीपीची गोळी घ्या.

मी आपल्या चर्चची बॅप्टिस्ट मंडळी सोडत असल्याचं पत्र तुमच्या टेबलावर ठेवलंय. पाळक तुम्हीच, मग दुसऱ्या कुणाला देणार? करुणाआत्यानं चर्चबाहेर लग्न केलं म्हणून ती वारल्यावर चर्चच्या पंचांनी तिला दफनभूमीत जागा नाकारली आणि सख्खा भाऊ असून तुम्ही गप्प बसलात.

आम्ही वेगवेगळ्या चर्चची माणसं आता दर रविवारी ऑनलाइन जमतो, मोकळं बोलतो. तुम्हाला ते घरात चालत नाही, म्हणून मी गारगोटीला मैत्रिणीकडं राहायला चाललेय.

या रविवारी एका बाईनं विचारलं, “तुझ्या पप्पांना बहिणीचं काहीच वाटलं न्हाय?”

मी म्हणाले, “रोज दार लावून तिच्यासाठी रडतात की.”

ऐकलंय मी, पप्पा.

एस्तेर