आधी कोण जेवणार

बाबा, तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, तरी स्वयंपाकघरात पुरण शिजायला लागलं की मला माझे जपानी साहेब आठवतात. तेव्हा मी इंग्लंडमधल्या बेसिंगस्टोकच्या जपानी कंपनीत नवी होते आणि ती नोकरी मला जिवापाड आवडायची. अडचण एकच होती, साहेब खुर्चीतून उठेपर्यंत तिथे कुणी उठत नसे, मग काम संपलेलं असो वा नसो. मी लंडनला पिनरमधल्या घरी पोचेपर्यंत तुमच्या टीव्हीवरच्या बातम्याही संपलेल्या असायच्या. "अगं, वॉर्डात पेशंट सीरियस असतो म्हणून आम्ही डॉक्टर थांबतो. तुमच्याकडे कोण सीरियस आहे?" असं विचारून तुम्ही बजावलंत, "सोमवारी नोटीस देऊन टाक." मी खूप रडले, पण तुमचा शब्द मोडायची आपल्या घरात पद्धत नव्हती.

सोमवारी नोटीस देताना साहेबांना कारण सांगितलं. मला वाटलं, चिडतील. ते म्हणाले, वडिलांना न भेटता त्यांच्या मुलीला रोज उशिरापर्यंत थांबवलं, ही आमची चूक झाली, रविवारी घरी येऊन त्यांना भेटतो. रविवारी खरंच दोन ज्युनियर्सना घेऊन दारात हजर! तुम्ही बसल्या बसल्या त्यांचं वय विचारलंत. मी शरमेने अर्धी झाले, पण साहेबांचा चेहरा खुलला. त्यांनाही तेच जाणून घ्यायचं होतं. तुम्ही मोठे निघालात आणि तिथेच सगळा घोटाळा झाला.

आईने पुरणपोळ्या वाढल्यात. वडीलधाऱ्यांनी आधी सुरुवात करावी म्हणून साहेब मांडीवर हात ठेवून बसलेत. तुम्ही यजमान, त्यामुळे "प्लीज, यू फर्स्ट" चाललंय. ज्युनियर्स साहेबांच्या तोंडाकडे बघतायत. पोळीवरचं तूप थिजतंय. शेवटी आई वैतागली, "अहो, आमटी गार होतेय. दोघं एकदम घास घ्या बघू!"

पुढचं तर त्याहून भारी. त्यांच्यात पानात टाकलं तर यजमानाचा अपमान. आपल्यात पाहुण्याचं पान रिकामं दिसलं तर यजमानाची नाचक्की. ते संपवतायत, तुम्ही वाढताय. साहेब थांबत नाहीत म्हणून ज्युनियर्सनाही थांबता येईना. एकाने हळूच पट्टा सैल केला. पोळ्याच संपल्या म्हणून सुटले बिचारे. निघताना साहेब वाकले, तुम्ही नमस्कार करत त्यांच्याहून खाली वाकलात, ते आणखी खाली गेले, आणि तुमची कंबर धरली. तुम्ही सरळ होईनात म्हणून साहेब होईनात, साहेब होईनात म्हणून ज्युनियर्स होईनात. शेजारची बाई गवत कापायचा लॉनमोअर बंद करून बघत राहिली.

माझ्या नोकरीचा विषय कुणी काढलाच नव्हता. सोमवारी मी घाबरत घाबरत तुमच्या खोलीत डोकावले. कमरेखाली हॉट वॉटर बॉटल घेऊन तुम्ही ओरडलात, "ट्रेन चुकेल ना! आणि संध्याकाळी साहेबांच्या आधी उठू नकोस, बरं दिसत नाही." मी स्टेशनपर्यंत अक्षरशः पळत गेले, इतका आनंद झाला होता.

आज तुमचा वाढदिवस. तुमचं पान फोटोपुढे वाढलंय, समोर मी माझं घेऊन बसलेय. हे पत्र पाठवणार तरी कुठे, राहील इथेच टेबलावर. एवढंच कबूल करते की दरवर्षी मी घटकाभर खरंच थांबते, तुम्ही आधी सुरुवात कराल म्हणून. बाबा, आमटी गार होतेय. दोघं एकदम घेऊया.