कॉलिनचा पिवळा ठिपका

सोमवार, १३ जुलै २०२०
मेलबर्नला लॉकडाउन क्रमांक दोन. आजपासून रोजनिशी, कारण ऑफिसात जे चाललंय त्याची कुठेतरी नोंद हवी.
आमचं काम म्हणजे लोकांचे फ्रिज आणि वॉशिंग मशीन बिघडले की वॉरंटीचे क्लेम तपासायचे. सध्या घरून. टीममध्ये पाच माणसं, रोज प्रत्येकाच्या वाट्याला चाळीस फाइल्स. पाचांत काम करणारा एकच. नाव लिहीत नाही, नम्रपणा म्हणून.
बाकीच्यांचं पितळ आता उघडं पडणार. चॅटमध्ये प्रत्येकाच्या नावापुढे ठिपका असतो. माणूस कॉम्प्युटरवर असला तर हिरवा, पाच मिनिटं हात लावला नाही की पिवळा. आज कॉलिनचा ठिपका दुपारी २.०५ ला पिवळा झाला तो चारपर्यंत पिवळाच! वय एकसष्ट, राहणार फर्नट्री गली. पगार मात्र वेळच्या वेळी घेतो.
माझ्या २१ फाइल्स झाल्या. नजर ठेवण्यात वेळ गेला, नाहीतर साठ झाल्या असत्या.

मंगळवार, १४ जुलै
नुसतं बघत बसायचं नाही, रंगेहाथ पकडायचं. दर अर्ध्या तासाने मेसेज टाकतो: हाय कॉलिन, ऑल गुड? दिसायला निरुपद्रवी. उत्तराला उशीर झाला की सापडला.
पंधरा वेळा विचारलं. सकाळभर लगेच उत्तर, ऑल गुड मेट, हाऊ अबाउट यू? दोननंतर चिडीचूप. चार वाजता उगवला. सॉरी मेट, मिस्ड यू, यू राइट? मी म्हटलं, मी कायमच राइट.
फाइल्स १९.

गुरुवार, २३ जुलै
एक चांगली गोष्ट घडली. संध्याकाळी माझ्या वीसेक फाइल्स उरतात. पूर्वी त्या साठायच्या आणि शॅरन, म्हणजे आमची मॅनेजर, मेल पाठवायची. गेला आठवडाभर त्या दुसऱ्या दिवशी नऊ वाजता लॉगिन करेपर्यंत निकालात निघालेल्या असतात! सिस्टम अपग्रेड झालेली दिसते, उरलेलं आपलं आपण निस्तरते. याला म्हणतात टेक्नॉलॉजी.
टीममधल्या गुरप्रीतला सहज विचारलं, तुझ्याही आपोआप होतात का. म्हणाला, भाई, मेरी तो बचती ही नहीं. थापा मारायलाही मर्यादा असते.

सोमवार, ३ ऑगस्ट
आता रात्रीचा कर्फ्यू आणि पाच किलोमीटरची हद्द. बायको, मयूरा, फार्मसीत कामाला, तिला परमिटचा कागद घेऊन जावं लागतं. मी घरी, म्हणजे सगळा भार माझ्यावर.
सकाळी तूप कढवलं. तेवढ्या वेळात माझाच ठिपका पिवळा! सासऱ्यांनी लग्नात दिलेलं घड्याळ काढून माउसखाली ठेवलं. काटा फिरतो, माउसला वाटतं हात हलतोय. ठिपका दिवसभर हिरवागार. ही फसवणूक नव्हे. मी कामाचाच विचार करत होतो, फक्त गॅसपाशी उभा राहून.
अस्मिताची चौथीची शाळा शेजारच्या टेबलावर. अपूर्णांक समजावून सांग म्हणाली. मी म्हटलं, बाबा कामात आहे. तिने माझ्या स्क्रीनकडे पाहिलं आणि म्हणाली, बट यू आर जस्ट लुकिंग ऍट डॉट्स. इथल्या शाळांत शिस्त म्हणून शिकवत नाहीत.

मंगळवार, ११ ऑगस्ट
कॉलिनने संध्याकाळी चक्क फोन केला. सहज केला म्हणाला. जेवतोस ना नीट, बाहेर फिरून येतोस ना, मिसेस कशी आहे. पंचवीस मिनिटं! अपराधी मन माणसाला किती गोड बोलायला लावतं. मी तोलूनमापून उत्तरं दिली. त्यातच तो कुत्र्याला घेऊन दुपारी डोंगरावर जातो असं बोलून गेला. लगेच टिपलं.

शुक्रवार, २१ ऑगस्ट
शॅरनने सगळ्यांना व्हिडिओवर बोलावलं. ऑक्टोबरअखेर पाचांची टीम चारांची होणार. जो जाईल त्याला भरपाईचं पॅकेज मिळेल, पण जावं लागेल.
भाड्याचा हिशेब दोनदा केला, हे इथे लिहायला हरकत नाही. नोकरी गेली तर ग्लेन वेव्हर्लीचं भाडं परवडणार नाही, आणि हे घर अस्मिताच्या शाळेच्या हद्दीत आहे म्हणून तर घेतलं. मयूराच्या एकटीच्या पगारात काही आपण इथे राहत नाही.
मग शांतपणे विचार केला. चाळणी लावल्यावर कोण गळेल? उघड आहे. दोन पोळ्या जास्त खाल्ल्या.

सोमवार, ७ सप्टेंबर
आठ आठवड्यांचं एक्सेल पूर्ण. तारीख, वेळ, कोण किती मिनिटं पिवळं, मी कितीदा विचारलं, उत्तर किती वेळाने आलं. कॉलिनसाठी वेगळं पान, रंगीत. हे करायला तीन दिवस लागले, त्यात फाइल्स १४, ११ आणि ९. मोठ्या कामाला छोट्या कामांचा बळी द्यावा लागतो.
शॅरनला पाठवलं. विषय: टीमच्या हितासाठी.
तासाभरात तिचा फोन. आवाज फार मऊ. म्हणाली, इतक्या नोंदी तू रोज करतोस? मी म्हटलं, रोज. दिवसभर? दिवसभर. मग झोप लागते का विचारलं. कंपनीचा एक समुपदेशनाचा नंबर दिला, फुकट आहे, मोकळेपणाने बोल म्हणाली. बढती द्यायच्या आधी इथे मानसिक तयारी तपासतात असं वाचलं होतं, ते हेच असणार. मयूराला सांगितलं. तिने तो नंबर फ्रिजच्या दारावर चिकटवला. अभिमान वाटला असावा.

गुरुवार, १० सप्टेंबर
आज आर यू ओके डे. इथे वर्षातून एकदा एकमेकांना बरं आहे ना विचारायची पद्धत आहे. दारात खोकं आलं. आत चहा, बिस्किटं, लिंबाचं लोणचं (गुरप्रीतच्या आईचं) आणि कार्ड. थिंकिंग ऑफ यू, मेट. पहिली सही कॉलिनची.
लाच! एक्सेलचा सुगावा लागला म्हणायचा. तत्त्व म्हणून खोकं परत करणार होतो, पण अस्मिताने बिस्किटं फोडली. लोणचं मात्र फर्स्ट क्लास.

सोमवार, ५ ऑक्टोबर
निर्णय जवळ आलाय. कामात लक्ष लागत नाही, फाइल्स १२. तरी सकाळी सगळं साफ. सिस्टमला सलाम.
मयूरा म्हणाली, समजा तूच निघालास तर? मी तिला ठिपक्यांचं गणित समजावून सांगितलं. ती म्हणाली, यतिन, तुझ्या फाइल्स किती होतात ते सांग. मी म्हटलं, आकड्यांच्या मागे लागलीस की दर्जा जातो. ती भांडी घासायला उठली. भांडी आज माझ्याकडे होती, पण तिला मध्येच थांबवणं बरं दिसलं नसतं.

शुक्रवार, १६ ऑक्टोबर
कॉलिन चालला!!!
न्याय आहे. देर है, अंधेर नहीं, असं गुरप्रीतला म्हटलं. त्याने फोन ठेवला. निरोपाच्या व्हिडिओत शॅरनचे डोळे भरलेले. चांगल्या मॅनेजरला असे कठोर निर्णय जड जातातच.
कॉलिन शेवटी म्हणाला, यतिन, लुक आफ्टर युअरसेल्फ, कधीही फोन कर. मी उदारपणे हात हलवला. त्याने कामाची माहिती लिहून पाठवलीय, तीन पानं. रिकामटेकड्यांना लिहायला वेळच वेळ. सवडीने वाचेन.
चक्का टांगला होताच, श्रीखंड केलं. टीम लीडची जागा पुढच्या वर्षी तरी निघेल, असा अंदाज.

सोमवार, १९ ऑक्टोबर
सिस्टम बिघडली.
शुक्रवारच्या माझ्या उरलेल्या सव्वीस फाइल्स जशाच्या तशा. वर आजच्या चाळीस. वर कॉलिनच्या वाट्यातल्या दहा. आयटीला फोन केला की उरलेल्या फाइल्स निकालात काढण्याची तुमची सोय बंद पडलीय. आयटीवाला म्हणाला, कुठली सोय? मी समजावलं. त्याने कुणालातरी विचारलं, मग परत आला. म्हणाला, मेट, असं काही कधी नव्हतंच.
फाइल्स १८. उरल्या ५८.

मंगळवार, २० ऑक्टोबर
आणखी पन्नास आल्या. तीन पानं वाचली.
पहिल्या पानावर फ्रिजच्या कंपन्यांचे फोन नंबर, कोण लवकर उचलतं, कोणाला सकाळी गाठायचं. दुसऱ्यावर त्याची वेळ. त्याची शिफ्ट सकाळी सहा ते दोन. आठ वर्षं तीच आहे. दोनला तो घरी जायचा, म्हणजे आता कॉम्प्युटर सोडून उठायचा. मला कोणी सांगितलं नव्हतं. मी विचारलंही नव्हतं, पंधरा-पंधरा मेसेज करूनही.
तिसऱ्या पानावर माझं नाव. जुलैपासून यतिनच्या उरलेल्या फाइल्स मी पहाटे पाचला बसून करतो, वीस ते तीस असतात, आता हे कोणीतरी बघावं लागेल. खाली खास माझ्यासाठी. मेट, रागावू नकोस. तू दिवसातून पंधरा वेळा हाय म्हणायला लागलास तेव्हा मला कळलं की तू कठीण दिवसांतून जातोयस. माझी बायको पॅम गेली तेव्हा मीही ऑफिसात दर तासाला कोणालातरी हाक मारायचो, पलीकडे कोणी आहे ना एवढंच बघायला. तुला लहान मुलगी आहे. माझं काय, मी आणि कुत्रा. म्हणून शॅरनला माझं नाव घाल म्हणालो.
शॅरनला विचारलं, खरं का. खरं. यादीत आधी कोण होतं, ते विचारलं नाही. ती सांगणार असं वाटलं तेवढ्यात मीच नेटवर्क गेल्याचं सांगून फोन ठेवला.
फाइल्स ७. घड्याळ हातात घातलं, बरंच मागे पडलंय.

गुरुवार, २२ ऑक्टोबर, दुपारी २.३०
मयूराला काल सगळं सांगितलं. ती हसेल वाटलं होतं. हसली नाही. माफी माग म्हणाली, एवढंच.
आत्ता कॉलिनला फोन लावला. काय बोलायचं ते कागदावर लिहून घेतलं होतं. कॉलिन, मला कुठलेही कठीण दिवस नव्हते. मी तुझ्यावर पाळत ठेवत होतो. आय ऍम सॉरी. तीन वाक्यं.
त्याने पहिल्या रिंगला उचलला. माझा आवाज ऐकून खरंच खूश झाला, ते कळतं. मागे कुत्रा भुंकत होता. विचारलं, किती फाइल्स उरल्यात? एकशे सदुसष्ट, मी म्हटलं. मग त्याने अर्धा तास शिकवलं. आधी साध्या कुठल्या उपसायच्या, कुठल्या एका फोनमध्ये मिटतात, बिलाचा फोटो नसला तर काय करायचं. मी लिहून घेत गेलो. वाक्यांचा कागद त्यातच भरला.
मग म्हणाला, आता बरा वाटतोयस, आवाजावरून कळतं. बॅड ट्रॉट होता, म्हणजे वाईट काळ, हे वर्षच तसलं. संपलं ना आता ते?
आत्ताच सांगायचं होतं. तोंड उघडलंही.
मी म्हटलं, हो, संपलं. थँक्स मेट.